रानातील हाक आणि शहरातील कान

सेवा करावी ती मुकाट्याने, तिचा डांगोरा पिटू नये, आणि दान द्यावे ते गुप्त, अशी आपल्या समाजाची जुनी शिकवण आहे. व्यक्तीच्या बाबतीत ती योग्यच होय. परंतु सेवा जेव्हा संस्थेच्या रूपाने चालते, तेव्हा तिला मौन परवडत नाही. संस्थेला कार्यकर्ते हवे असतात, द्रव्य हवे असते, आणि पुष्कळदा एखादा अन्यायकारक नियम अथवा घातक योजना बदलून घ्यावयाची असते. यांपैकी एकही गोष्ट लोकमताचा पाठिंबा मिळाल्यावाचून साध्य होत नाही. तेव्हा सेवासंस्थेने बोलावे की नाही हा प्रश्नच नव्हे. कोणाविषयी बोलावे, कोणाच्या संमतीने बोलावे आणि बोललेल्या शब्दाला आधार कशाचा द्यावा, हा खरा प्रश्न होय. इंटरनेट आणि मोबाइल यांच्या प्रसाराने तो पूर्वीपेक्षा अधिक निकडीचा झाला आहे. आणि त्याचा विचार करावयास चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनप्रधान जिल्ह्यांइतके उपयुक्त क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

हे दोन जिल्हे मुळात एकच. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चांद्याचा पूर्वभाग वेगळा काढून गडचिरोली जिल्हा निर्माण करण्यात आला. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीची लोकसंख्या अवघी पावणेअकरा लाखांच्या आसपास भरली, आणि तीत दर पाच माणसांमागे जवळजवळ दोन आदिवासी होती. बहुतेक भूमी अरण्याने व्यापलेली. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला, ही वार्ता कित्येक पावसाळ्यांत वर्तमानपत्रांनी छापलेली आहे. ज्यांना दुःख भोगावे लागते ती माणसे येथे राहतात. ज्यांच्या हाती पैसा आणि निर्णय आहेत ती नागपूर, मुंबई वा दिल्ली येथे राहतात. या दोहोंमधील अंतर केवळ मैलांचे नाही, ते भाषेचे आणि अनुभवाचेही आहे. रानातील हाक शहरातील कानांपर्यंत नेणे, हे येथील प्रत्येक सेवाकार्याला पहिल्या दिवसापासून करावे लागलेले काम होय.

इंटरनेट येण्यापूर्वी हे काम कसे चाले, ते प्रथम पाहिले पाहिजे. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना केली. त्या काळी कुष्ठरोग्याचे नाव काढले तरी लोक चार पावले मागे सरत. अशा लोकांपुढे रोग्याच्या झडलेल्या बोटांचे वर्णन करून करुणा जागविणे सोपे होते. आनंदवनाने तो मार्ग पत्करला नाही. त्याने जगाला दाखविले ते रोगमुक्तांच्या हातांनी पिकविलेले धान्य, विणलेले कापड आणि बांधलेल्या इमारती. ज्या गावाने त्यांना दूर लोटले, त्याच गावच्या मुलांसाठी याच लोकांनी आनंद निकेतन महाविद्यालयाची वास्तू उभारली. समाजाच्या मनावरील भीतीचे जळमट काढण्यास याहून प्रभावी व्याख्यान कोणते असू शकेल? दयेची याचना न करता कर्तृत्वाचा पुरावा पुढे मांडावा, हा प्रचाराचा पहिला धडा या मातीत असा फार पूर्वी गिरविला गेला आहे.

दुसरा धडा १९८० नंतरच्या दशकातला. इंद्रावतीवर भोपालपटनम येथे आणि गोदावरीवर इंचमपल्ली येथे मोठी धरणे बांधण्याची योजना होती. त्यांत अरण्याचा विस्तीर्ण पट्टा आणि आदिवासींची गावे बुडणार होती. ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे घोषवाक्य घेऊन चळवळ उभी राहिली. गावोगाव सभा झाल्या, मोर्चे निघाले, आणि बाबा आमटे यांनी थेट पंतप्रधानांशी पत्रव्यवहार केला. विकासाच्या योजनांमुळे आदिवासी विस्थापित होतात याविषयी खेद व्यक्त करणारे, तथापि कधी कधी दुसरा मार्ग नसतो असेही म्हणणारे इंदिरा गांधी यांचे ३० ऑगस्ट १९८४ चे उत्तर पुढे अनेक वर्षे विस्थापनाच्या चर्चेत उद्धृत होत राहिले. ती दोन्ही धरणे आजतागायत झाली नाहीत. चळवळीची साधने मात्र पाहावीत: पाय, सभा, वृत्तपत्र आणि पत्र. पत्राला वजन आले ते त्यावरील सहीमुळेच केवळ नव्हे. त्या सहीमागे किती गावे उभी आहेत हे दिल्लीस ठाऊक होते म्हणूनही ते आले.

आता नवे साधन काय बदलले ते पाहू. पूर्वी एखादे निवेदन छापून हजार घरी पाठवावयाचे तर कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च येई; आज तेच निवेदन क्षणार्धात आणि जवळजवळ विनामूल्य लक्षावधी पडद्यांवर उमटू शकते. २०१६ पासून यूपीआयची सोय झाल्यामुळे मनिऑर्डरचा फॉर्म भरण्याइतकाही वेळ न घालविता देणगी देता येते. पण या सोयीबरोबर एक अदृश्य मध्यस्थही आला आहे. फेसबुक किंवा इन्स्टाग्राम यांसारख्या माध्यमांवर संस्थेने काही लिहिले, म्हणजे ते तिच्या सर्व अनुयायांपुढे आपोआप जातेच असे नाही. कोणापुढे कोणता मजकूर आधी ठेवावयाचा, हे त्या माध्यमातील गणिती योजना ठरविते. ज्या मजकुरापाशी वाचक थबकतो, ज्याला उत्तर देतो, जो दुसऱ्याला पाठवितो, तो मजकूर वर येतो. बाकीचा खाली दबतो. पैसे भरून आपला मजकूर पुढे सरकविण्याची सोयही त्यात असते. परिणाम असा होतो की, शांत व तपशीलवार अहवालापेक्षा डोळ्यांत पाणी आणणारे छायाचित्र अथवा संताप चेतविणारे वाक्य सहज पुढे जाते. संस्थेने काय करावे हे यंत्र सांगत नाही. परंतु काय केल्यास टाळ्या मिळतील हे ते प्रत्यही तिच्या कानांत कुजबुजत असते. सेवासंस्थेची कसोटी येथेच लागते.

या नव्या साधनाचा एक लक्षणीय प्रयोग ताडोब्याच्या सीमेवर झाला. चंद्रपूरच्या भूमीत कोळसा आहे आणि त्याच भूमीवर वाघाचे अरण्य आहे. हा झगडा तेथे जुनाच. ताडोब्यानजीकच्या लोहारा येथील नियोजित कोळसा खाणीविरुद्ध चंद्रपूरच्या पर्यावरणप्रेमी संस्था एकवटल्या. ‘इको-प्रो’ संस्थेचे बंडू धोतरे यांनी उपोषण आरंभिले, आणि २००९ मध्ये ती योजना मागे पडली. हा लढा मुख्यतः चंद्रपूरच्या रस्त्यावर लढला गेला. पुढे २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ग्रीनपीस या संस्थेच्या एका कार्यकर्त्याने ताडोब्याच्या परिसरात झाडावर मचाण बांधून त्यावर महिनाभर मुक्काम ठोकला. अरण्यात नव्या खाणी देऊ नयेत ही मागणी होती. आणि झाडावरूनच तो इंटरनेटच्या द्वारे देशभरच्या नगरवासियांशी संवाद साधत होता. ज्यांनी ताडोबा कधी पाहिलेला नाही अशा माणसांनीही त्या मागणीवर आपली नावे नोंदविली.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे नव्या साधनाचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही कळतात. झाडावरचा माणूस हे एक चित्र होते, आणि चित्रावाचून दूरच्या माणसाचे लक्ष वेधत नाही; इतपत त्या युक्तीचे श्रेय मान्य केले पाहिजे. परंतु बोटाच्या एका स्पर्शाने नोंदविलेले नाव आणि उपोषणाच्या मांडवात येऊन बसलेला शेजारी यांची किंमत एक नव्हे. शासनकर्ता या दोहोंतील भेद चांगला ओळखतो. दूरच्या लाख नावांनी विषय चर्चेत येतो. तो निकालापर्यंत जातो तो स्थानिक माणसांच्या चिकाटीने, कागदपत्रांनी आणि न्यायालयात वा मंत्रालयात टिकणाऱ्या युक्तिवादाने. पहिली गोष्ट दुसरीची जागा घेऊ शकत नाही. मात्र ती तिच्या मदतीस धावून येऊ शकते.

याच इको-प्रो संस्थेचे दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. चंद्रपूर शहराभोवती गोंड राजांनी बांधलेला परकोट आहे. त्याच्या बुरुजांवर झाडेझुडपे माजली होती आणि तटालगत कचऱ्याचे ढीग साचले होते. २०१७ च्या मार्चपासून संस्थेचे तरुण तो साफ करू लागले. एक दिवस छायाचित्रापुरता झाडू हाती घेऊन ते घरी गेले नाहीत. दोनशे दिवस सतत काम चालल्यानंतर त्यांनी कामापूर्वीची आणि कामानंतरची छायाचित्रे पंतप्रधानांकडे धाडली. आणि २९ ऑक्टोबर २०१७ रोजी आकाशवाणीवरील ‘मन की बात’ या भाषणात त्या कामाचा उल्लेख झाला. येथे छायाचित्राने काम निर्माण केले नाही. कामाने छायाचित्राला अर्थ दिला. दोनशे दिवस आधी आणि प्रसिद्धी मागाहून, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. हल्ली पुष्कळ ठिकाणी तो उलटा झालेला दिसतो.

प्रसिद्धीने मिळालेले यश कायमचे नसते, हेही याच जिल्ह्याने शिकविले आहे. दारूबंदीच्या मागणीसाठी २०१० च्या डिसेंबरात ‘श्रमिक एल्गार’ संघटनेच्या नेतृत्वाखाली स्त्रिया चिमूरहून नागपुरास विधानमंडळाच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली, आणि २०२१ साली ती उठविण्यात आली. शेजारच्या गडचिरोलीत मात्र १९९३ पासूनची दारूबंदी टिकून आहे. तेथे कायद्याच्या जोडीला २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमाने गावोगाव संघटना बांधून दारू व तंबाखू यांच्याविरुद्ध नित्याचे काम चालविले. दारूबंदी इष्ट की अनिष्ट याविषयी मतभेद असतील. ते येथे बाजूला ठेवावे. मोर्चाचे लक्षवेधी छायाचित्र एका दिवसाचे असते आणि ग्रामसभेतील चर्चा वर्षानुवर्षे चालवावी लागते, एवढे तरी कोणत्याही पक्षाला मान्य व्हावे.

लोकमतावर प्रभाव पाडण्याचे सर्वांत टिकाऊ साधन कोणते, असे विचारल्यास गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेचा इतिहास त्याचे उत्तर देतो: मोजलेले सत्य. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली येथे काम सुरू केले. खेड्यातील स्त्रियांच्या आजारांविषयी कोणी बोलतच नव्हते. राष्ट्रीय आरोग्यविचारात स्त्री म्हणजे केवळ बाळंतीण. तेव्हा दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करण्यात आली, आणि त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले. हा निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि दोन लहान गावांतील स्त्रियांचे मूक दुःख जगाच्या आरोग्यविचाराचा विषय बनले. पुढे गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरोघर काळजी घेण्याची पद्धत त्यांनी रुजविली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाप्रमाणे, प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ साली भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांच्या द्वारे ही पद्धत देशभर स्वीकारली.

२००१ साली या संस्थेने राज्यातील इतर संस्थांच्या सहकार्याने बालमृत्यूंवरील ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. सरकारी दप्तरांत नोंदलेल्या बालमृत्यूंपेक्षा प्रत्यक्षात घडणारे मृत्यू कितीतरी अधिक आहेत, हे त्यात गावोगावच्या मोजणीने दाखवून दिले होते. शासनाला त्याची दखल घ्यावी लागली, आणि बालमृत्यूंचे मूल्यमापन करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद डॉ. अभय बंग यांच्याकडे आले. अहवालाचे नाव किती समर्पक होते पाहा. पानगळ प्रत्येकाने पाहिलेली. पण पिकली पाने गळतात, कोवळी गळत नाहीत. दोन शब्दांत हृदयाला हात घातला गेला. तरी ते दोन शब्द आकड्यांच्या खडकावर उभे होते. निव्वळ आकडे असते तर ते कपाटात पडून राहिले असते. निव्वळ शब्द असते तर आठवड्यात विरले असते. उत्तम प्रचाराचे सारे मर्म या जोडणीत आहे, मग तो छापील अहवाल असो की मोबाइलवरील चार ओळींचा संदेश.

मोजल्याविना आणि पडताळल्याविना वेगाने धावणारा शब्द काय करू शकतो, याचे भीषण उदाहरण महाराष्ट्रानेच पाहिले आहे. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा मोबाइलवरून पसरल्या, आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास अटकाव केला. ती अफवा पुढे पाठविणाऱ्यांपैकी पुष्कळांचा हेतू आपल्या मुलांना जपण्याचाच असेल. म्हणूनच ही घटना सेवासंस्थांनी विसरू नये. हेतू चांगला असला म्हणजे मजकूर खरा ठरत नाही. आणि सज्जनाच्या तोंडून गेलेले असत्य अधिक विश्वासाने ऐकले जात असल्यामुळे ते अधिकच घातक होते.

सत्याच्या खालोखाल प्रश्न येतो तो संमतीचा. कुपोषित मुलाचे छायाचित्र दाखविले की देणग्या येतात, हे प्रत्येक संस्थेला ठाऊक आहे. पण त्या मुलाला ते छायाचित्र कोणी विचारून काढले काय? दहा वर्षांनी तेच मूल तालुक्याच्या शाळेत किंवा नागपूरच्या वसतिगृहात जाईल, तेव्हा त्याचा तो उघडा, दीन देह कोणाच्याही मोबाइलवर सापडू शकेल. वर्तमानपत्र रद्दीत जाते. इंटरनेटवरचे चित्र रद्दीत जात नाही. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख उघड करण्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याने मनाई केली आहे, आणि २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा संमत केला. तथापि कायदा सांगतो ती किमान मर्यादा. गडचिरोलीत तर याहून निराळी जोखीम अनेक दशके होती. एकीकडे नक्षलवादी आणि दुसरीकडे पोलीस, अशा बंदुकांच्या मधोमध राहणाऱ्या गावकऱ्याचे नाव, गाव आणि त्याचे उद्गार बेसावधपणे प्रसिद्ध झाले, तर त्याच्या जिवावर बेतू शकत होते. शहरात बसून मजकूर लिहिणाऱ्याला टाळी मिळते. किंमत भरावी लागली तर ती गावातल्या माणसाला भरावी लागते. जो किंमत भरणार त्याची अनुमती घेतल्यावाचून त्याच्याविषयी बोलू नये, इतका हा न्याय साधा आहे.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. या सर्व प्रचारात ज्यांच्याविषयी बोलले जाते त्यांच्या भाषेत बोलले जात नाही. संस्थांची संकेतस्थळे इंग्रजीत असतात, कारण मोठे देणगीदार इंग्रजी वाचतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केल्यापासून तर, कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना समजेल अशा भाषेत कामाचे वृत्तांत लिहिण्याची निराळी कलाच निर्माण झाली आहे. त्यात गैर काही नाही. हिशोब मागणाऱ्याला हिशोब दिलाच पाहिजे. परंतु २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदविली, आणि ती भाषा अद्यापि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. संगणकासाठी अक्षरांचे जे जागतिक मानक आहे, त्यात गोंडीची मसराम लिपी २०१७ साली आणि गुंजाळा लिपी २०१८ साली समाविष्ट झाली. म्हणजे त्यापूर्वी त्या लिपींतील एक अक्षरही एका संगणकावरून दुसऱ्यावर भरवशाने पाठविता येत नव्हते.

या उणिवेवर शेजारच्या छत्तीसगडात एक कल्पक तोड काढण्यात आली. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० साली ‘सीजीनेट स्वर’ ही योजना सुरू केली. तिच्यासाठी महागडा मोबाइल, इंटरनेट वा अक्षरओळख यांतील कशाचीच आवश्यकता नव्हती. माणसाने साध्या फोनवरून ठरलेल्या क्रमांकावर घंटी द्यावयाची; यंत्र उलट फोन करी; मग एक आकडा दाबून आपले म्हणणे आपल्या भाषेत ध्वनिमुद्रित करावयाचे, किंवा दुसरा आकडा दाबून इतरांचे ऐकावयाचे. संपादक त्याची छाननी करीत आणि मगच ते सर्वांना ऐकू येई. बंद पडलेला हातपंप, न मिळालेली मजुरी, न येणारा शिक्षक, अशा तक्रारी त्यावर येत. दूरचे श्रोते संबंधित अधिकाऱ्याला फोन करून त्यांचा पाठपुरावा करीत. येथे खेड्यातला माणूस प्रचाराचा विषय न राहता वक्ता झाला. आकाशवाणी एकाचे बोलणे अनेकांना ऐकविते. या योजनेत अनेकांचे बोलणे अनेकांनी ऐकले.

ऐकण्याचे महत्त्व गडचिरोलीतील संस्थांना इंटरनेटच्या आधीच उमगले होते. लोक मोठ्या इस्पितळाला का भितात, हे ‘सर्च’ने आदिवासींनाच विचारले, आणि मग शोधग्रामातील रुग्णालय त्यांच्या वस्तीच्या धर्तीवर, झोपड्यांच्या रचनेने बांधले व त्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचे नाव दिले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव तर या बाबतीत गुरुस्थानी शोभेल. तेथे निर्णय बहुमताने न घेता सर्वसंमतीने घेतात, आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात विषयाचा ऊहापोह करतात. बाहेरचे मित्र, विशेषतः ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल, माहिती पुरवीत, निर्णय गावाचा. या गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात येऊन बांबूच्या वाहतुकीचे परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आणि आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्या गावाची घोषणा देशभर पोहोचली. ती कोणा जाहिरातकाराने रचलेली नव्हती. गाव जसे जगत होते तसेच ते बोलत होते, म्हणून ती ऐकणाऱ्याच्या मनात बसली.

तेव्हा शहरातील सुशिक्षित गृहस्थाच्या मोबाइलवर उद्या एखाद्या संस्थेचे आवाहन येईल, तेव्हा त्याने ते कोणत्या कसोट्यांवर घासून पाहावे? पहिली कसोटी ही की, मजकुरात स्थळ, काळ आणि प्रमाण यांचा स्पष्ट निर्देश आहे की केवळ हळहळ आहे. दुसरी, ज्याचे चित्र दाखविले आहे तो काम करताना दिसतो की हात पसरताना. तिसरी, संस्था नोंदलेली आहे काय, तिचे तपासलेले हिशोब पाहावयास मिळतात काय. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांना १९५० च्या कायद्यान्वये धर्मादाय कार्यालयाकडे ते सादर करावे लागतातच. चौथी, संस्थेने आपले अपयशही कधी सांगितले आहे काय. जिचा प्रत्येक प्रयोग यशस्वी होतो, तिच्याविषयी थोडा संशय बाळगणे हिताचे. आणि पाचवी, सर्वांत कठीण कसोटी अशी: जे येथे सांगितले जात आहे ते त्या गावाला, त्याच्या भाषेत, मान्य होईल काय?

ही शेवटची कसोटी शहरातून लावता येत नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण संस्थेला पत्र लिहून विचारता येते. तिच्या कामास एकदा भेट देता येते. आणि निदान पडताळा होईपर्यंत तो मजकूर दहा जणांना पुढे पाठविण्याचा मोह आवरता येतो. एवढे केले तरी त्या अदृश्य गणिताला थोडा लगाम बसेल. संस्था आक्रोश करू लागतात त्याचे एक कारण हे की, शांतपणे सांगितलेले ऐकणारा कान त्यांना सापडत नाही. श्रोता जसा असेल तसा वक्ता घडतो. आनंदवनातील धान्य, परकोटावरील दोनशे दिवस, दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी आणि मेंढ्याची ग्रामसभा यांची भाषा सावकाश आहे. ती समजावयास थोडा वेळ लागतो. शहराने तो वेळ दिला, तर रानातील हाकेला आरोळी होण्याची गरज उरणार नाही.